बोट धरायचं, दाबायचं नाही

डाव्या हाताची तर्जनी उजव्या हाताच्या मुठीत घ्या. चारही बोटं तिच्याभोवती गुंडाळा, अंगठा वरून नुसता टेकवा आणि थांबा. पहिलं अर्धं मिनिट काहीच होत नाही, आणि नेमकं याच अर्ध्या मिनिटात बहुतेकांची मूठ आवळली जाते. काहीतरी करायला हवं, असं हाताला वाटत राहतं. जपानी पद्धतीने बोटं धरायला शिकताना हे आवळणं सोडायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. कोणतं बोट कशासाठी, किती श्वास, कोणता बिंदू कुठे, हे दोन दिवसांत पाठ होतं. मूठ सैल राहायला काही आठवडे जातात.

बोटं धरण्याची ही पद्धत ज्या विद्येतून आली, तिचं नाव जिन शिन जुत्सु. जिन म्हणजे करुणा, शिन म्हणजे देव, जुत्सु म्हणजे कला. इशिकावा प्रांतात १८८६ साली जन्मलेल्या जिरो मुराई यांनी ती बसवली. सव्विसाव्या वर्षी आजाराने सगळ्यांनी त्यांची आशा सोडली, तेव्हा त्यांनी स्वतःला डोंगरातल्या एका झोपडीत नेऊन ठेवायला सांगितलं. तिथे आठवडाभर उपाशी राहून ते हाताच्या मुद्रा करत राहिले आणि बरे होऊन परतले, अशी हकीकत या परंपरेत सांगतात. सिएटलमध्ये जन्मलेल्या जपानी वंशाच्या मेरी बर्माइस्टर (१९१८–२००८) दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये त्यांच्याकडे शिकल्या आणि त्यांनी ही विद्या अमेरिकेत नेली. आज जगभर जे तक्ते फिरतात, अंगठा म्हणजे काळजी, तर्जनी म्हणजे भीती वगैरे, ते त्यांच्याच शिकवण्यातून पसरलेले. त्यामुळे ‘हजारो वर्षांपूर्वीची जपानी पद्धत’ असं कुणी छापलं तर ते अर्धंच खरं. जुनं आहे ते त्याखालचं: अन्म नावाचं मर्दन, शरीरावरच्या बिंदूंचं ज्ञान, आणि बौद्ध मंत्रमार्गातल्या मुद्रा.

मुद्रांचा धागा तर मुळात आपल्याकडून गेलेला आहे. कूकाई हा भिक्षू चीनमध्ये शिकून ८०६ साली जपानला परतला, तेव्हा महावैरोचन या बुद्धाची उपासना आणि तिच्या मुद्रा त्याने सोबत नेल्या. नारामधल्या एन्जो-जी मंदिरात उनकेइ या शिल्पकाराने ११७६ साली पूर्ण केलेली महावैरोचनाची लाकडी मूर्ती आहे. तिच्या उजव्या मुठीत डाव्या हाताची तर्जनी आहे. मुराईंची पद्धत या मूर्तीवरून निघाली असं म्हणायला काही आधार नाही. पण स्वतःचंच एक बोट मुठीत धरून निवांत बसलेली आकृती जपानी डोळ्यांना आठशे-साडेआठशे वर्षं ओळखीची आहे, एवढं नक्की. जपानीत उपचाराला ‘तेआते’ म्हणतात, शब्दशः ‘हात टेकवणं’. हातगुणावर विश्वास असलेल्या आपल्या माणसांना हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता प्रत्यक्ष बैठक. दुसऱ्या कुणाच्या एका हातावर सगळं नीट करायचं तर पाऊण तास हाताशी ठेवावा. क्रम असा: आधी गरम पाणी, मग चोळणं आणि बिंदू दाबणं, आणि शेवटी बोटं धरणं. काही जण उलटं करतात, आधी धरून मग चोळतात. ते चुकीचं आहे असं नाही, पण चोळल्याने हात जागा होतो आणि धरल्याने तो निवतो. निवलेल्याला पुन्हा कशाला जागं करायचं?

जपानी रुग्णालयांत परिचारिका अंथरुणावरच्या रुग्णाचे हात गरम पाण्यात बुडवून धुतात, त्याला ‘तेयोकु’ म्हणतात, म्हणजे हातांची आंघोळ. ती घरी सहज करता येते. मनगटाच्या वर चार बोटं बुडतील एवढं पाणी मावणारं पसरट पातेलं घ्यायचं. पाणी ३८ ते ४० अंश. थर्मामीटर नसेल तर बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून बघतात तसं बघायचं. कोपराला सुखद लागलं म्हणजे बरोबर. समोरच्याच्या बोटांना विचारून ठरवायचं नाही, कारण गार पडलेल्या हाताला कोमट पाणीही चटका देतं, आणि मधुमेहाने बोटं बधिर झाली असतील तर खरोखरचा चटकाही कळत नाही. पाच ते दहा मिनिटं पुरतात. पाणी निवायला लागलं तर आधी हात बाहेर काढून मगच गरम पाणी ओतायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला विसरू नका. तिथे ओल राहिली की वाऱ्याने हात पुन्हा गार पडतो आणि पाण्याचा सगळा फायदा जातो. एक हात टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवायचा आणि दुसऱ्यापासून सुरुवात करायची.

बसण्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, आणि बैठक सगळ्यात जास्त बिघडते तीही तिथेच. समोरच्याचा हात कोपरापासून बोटांपर्यंत पूर्ण टेकलेला हवा. मांडीवर उशी, उशीवर टॉवेल, आणि मनगटाखाली छोटी गुंडाळी. कोपर अधांतरी राहिलं तर हाताचं वजन खांदा उचलून धरतो, आणि खांदा ताठ असताना बोट सैल होणं अशक्य. खात्री करून घ्यायला हात मनगटाखालून दोन बोटं उचलावा आणि हळूच सोडावा. तो धपकन खाली यायला हवा. हवेतच थबकला तर माणूस अजून हात स्वतः सांभाळतो आहे. उशी वर-खाली करा. करणाऱ्यानेही त्याच उंचीवर बसायचं. उभं राहून, वाकून केलं की पाचव्या मिनिटाला कंबर बोलायला लागते आणि ती घाई बोटांत उतरते.

अंगठ्या, घड्याळ, बांगड्या दोघांनीही काढून ठेवायच्या. न निघणारी बांगडी असेल तर कोपराकडे सरकवून त्यावर फडकं गुंडाळायचं. करणाऱ्याची नखं बोटाच्या पेराच्या मागे कापलेली हवीत; अंगठा सरळ उभा करून दाबल्यावर नख टोचत असेल तर ती अजून लांब आहेत.

अन्म आणि शिआत्सु, म्हणजे बोटांनी दाबण्याची जपानी पद्धत, दोन्ही कोरड्या हाताने, बहुधा कपड्यावरूनच करतात. त्वचेवर ‘तेनुगुइ’ टाकतात. साधारण ३५ सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब असं पातळ सुती फडकं, आपल्या पंच्याच्या जातीचं. फडक्यामुळे अंगठा घसरत नाही आणि कातडी ओढली जात नाही. तेल वापरायचंच तर ते पहिल्या हात फिरवण्यापुरतं. जपानी घरांत कॅमेलियाच्या बियांचं तेल, त्सुबाकी, त्वचेला आणि केसांना वापरतात. इझु-ओशिमा बेटाचं त्यासाठी नाव आहे. आपल्याकडे खोबरेल किंवा तिळाचं तेल चालतं. एका हाताला तीन-चार थेंब, आणि तेही आधी आपल्या तळव्यांत चोळून गरम केलेले. तेल जास्त झालं की बिंदूवर अंगठा थांबत नाही, आणि पुढे बोट धरताना निसटतं म्हणून मूठ आवळली जाते. म्हणून बिंदू दाबण्याआधी हात पुसून घ्यायचा.

सुरुवात मळहातापासून, म्हणजे हाताच्या पाठीपासून. आपला तळवा समोरच्याच्या मळहातावर पूर्ण टेकवून मनगटाकडून बोटांच्या टोकांपर्यंत न्यायचा. वेग महत्त्वाचा: सेकंदाला साधारण तीन सेंटिमीटर. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटिमीटर धरले तर एक फेरी सहा सेकंदांची झाली. हा वेग उगाच सांगत नाही. लव असलेल्या त्वचेत काही सावकाश मज्जातंतू असतात, ते अशाच हळू, मऊ स्पर्शाला सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात आणि स्पर्श सुखाचा वाटण्यात त्यांचा वाटा असतो. ते मळहातावर आणि कोपरापर्यंतच्या हातावर भरपूर, तळहातावर फारच थोडे. म्हणूनच तळहात कितीही चोळला तरी बरं वाटतं ते वेगळं, आणि मळहातावरून सावकाश हात फिरवल्यावर डोळे मिटतात ते वेगळं. सहा-सात फेऱ्या पुरे. घाईने, भांडं पुसल्यासारखं केलं तर त्याचा काही उपयोग नाही.

मग हात उलटा करायचा, तळवा वर. इथे जपानी हातमसाजातली एक पकड शिकण्यासारखी आहे. आपली एक करंगळी त्याच्या अंगठ्या-तर्जनीच्या बेचकीत, दुसरी करंगळी त्याच्या अनामिका-करंगळीच्या बेचकीत अडकवायची, आणि आपली उरलेली बोटं त्याच्या मळहाताखाली आधाराला लावायची. करंगळ्या किंचित बाहेर ओढल्या की तळहात पानासारखा उघडतो आणि आपले दोन्ही अंगठे दाबायला मोकळे राहतात. पहिल्यांदा करंगळ्या नेमक्या कुठे घालायच्या याचा गोंधळ होतो. स्वतःचे हात फुली करून धरले जात असतील तर तुम्ही चुकीच्या बाजूला बसला आहात. त्याच्या बोटांची टोकं तुमच्या छातीकडे आली पाहिजेत.

तळहातावर तीन ओळी धरायच्या: अंगठ्याच्या उंचवट्यावरची, मधली, आणि करंगळीच्या बाजूची. प्रत्येक ओळीवर मनगटाकडून बोटांकडे तीन ठिकाणी दाब, प्रत्येकी तीन ते पाच सेकंद. दाब अंगठ्याच्या पेराच्या गादीने द्यायचा, टोकाने नाही. आणि तो कातडीला काटकोनात, हळूहळू वाढवत, हळूहळू सोडत. त्याचा श्वास बाहेर जाताना दाबायचं, आत येताना सोडायचं. किती दाब, हे शब्दांत सांगून कळत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, त्यावर अंगठा ठेवून एक किलोवर काटा स्थिर ठेवण्याचा सराव करा. तळहाताला एक किलोपासून सुरुवात, फार तर दोन. म्हाताऱ्या माणसाला अर्धा किलो. आपला अंगठा मागे वाकतो, दुखायला लागतो, तो हाताच्या जोराने दाबल्यामुळे. कोपर सरळ ठेवून अंगाचं वजन किंचित पुढे टाकलं की दाब आपोआप येतो.

मधल्या ओळीत ‘रोक्यू’ हा बिंदू लागतो. अलगद मूठ मिटली की मधल्या बोटाचं टोक तळहातावर जिथे टेकतं, तिथे. इथे सहा-सात सेकंद थांबावं. थकलेल्या माणसाचा हात इथे दाबल्यावर बरेचदा आपोआप मिटायला बघतो; त्याला मिटू द्यावं.

मळहातावर बोटांच्या हाडांमधल्या चार खोबण्या असतात. तिथे आपल्या बोटाच्या पेराने गाठींकडून मनगटाकडे सरकत जायचं. इथे मांस कमी, शिरा वर, त्यामुळे दाब तळहाताच्या निम्म्याहून कमी. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागात ‘गोकोकु’ आहे, जपानी घरांत डोकेदुखीला आपसूक दाबला जाणारा बिंदू. तो शोधताना लोक बेचकीतल्या पातळ कातडीला चिमटा काढतात. तसं नाही. बेचकीतून वर सरकत गेलं की दोन हाडं जिथे एकत्र यायला लागतात त्याच्या जरा अलीकडे थांबायचं आणि दाब तर्जनीच्या हाडाच्या खालच्या बाजूला, त्या हाडाकडे वळवायचा. बरोबर लागला तर बोथट, पसरणारी कळ येते, ‘दुखतंय पण सोडू नका’ अशी. गर्भवतीच्या हातावर हा बिंदू दाबायचा नाही, असा या परंपरेतला जुना दंडक आहे आणि तो पाळावा.

बोटांत स्नायू नसतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बोटं वाकवणारे स्नायू काही तळहातात, पण मोठे सगळे कोपर ते मनगट या भागात; बोटांत पोचतात त्या त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा. दिवसभर टाइप करून किंवा पोळ्या लाटून ‘बोटं दुखतात’ म्हणणाऱ्या माणसाची बोटं कितीही दाबा, थोडंच बरं वाटेल. कोपराच्या खालचा आतला मांसल भाग तळव्याने दाबत दाबत मनगटाकडे आणा. बोटं तिथून सुटतात. नवशिक्यांचा मसाज अर्धवट वाटतो तो बहुतेक वेळा हा भाग राहून गेल्यामुळे.

मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधोमध ‘नाइकान’ आहे. तीन बोटं त्याची, तुमची नव्हेत. जपानी पद्धतीत मोजमाप नेहमी ज्याचं शरीर त्याच्या बोटांनी. प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून मनगटावर बटण असलेले पट्टे मिळतात, ते बटण याच बिंदूवर बसवायचं असतं. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या बिंदूचे बरेच अभ्यास झाले, आणि मळमळ कमी होते असा निष्कर्ष कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात आहे. हातावरच्या बिंदूंपैकी पुराव्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम उभा राहणारा हाच.

बोटांचं चोळणं थोडक्यात सांगतो. प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत आधी दोन बाजूंनी, मग वरून-खालून चिमटीत धरत जायचं. सांध्यावर गोल फिरवायचं. नखाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पाच-दहा सेकंद धरायचं. शेवटी सरळ रेषेत तीन सेकंद हलकं ओढून सोडायचं. कटकन आवाज काढायचा नाही. तो आवाज सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना येतो, काही अडकलेलं मोकळं झाल्याचं ते लक्षण नाही, आणि दुसऱ्याच्या बोटावर झटका देणं धोक्याचं आहे.

इथपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेलेली असतात. आता हात फडक्याने झाका आणि बोटं धरायला घ्या.

बोट मुळापासून टोकापर्यंत मुठीत यायला हवं. नुसतं टोक धरलं तर पकड चिमटीची होते आणि चिमूट सैल ठेवता येत नाही. पिकलेला चिकू हातात घेतो तितकाच दाब. आणखी चोख परीक्षा हवी असेल तर बोटावर पातळ रुमाल गुंडाळा, त्यावरून बोट धरा आणि रुमालाचं टोक ओढा. रुमाल अडखळत का होईना पण निघून आला पाहिजे. अडकला तर मूठ घट्ट आहे. दुसरी खूण नखाची: धरलेल्या बोटाचं नख पांढरं पडता कामा नये.

मग श्वास. बर्माइस्टर यांच्या शिकवण्यात भर आधी श्वास सोडण्यावर आहे: खांदे खाली, श्वास बाहेर, आणि आतला श्वास आपण ओढायचा नाही, त्याला येऊ द्यायचं. असे ३६ श्वास ही त्यांची पूर्ण मात्रा. वेळ नसेल तर नऊ-नऊ श्वास दिवसातून चार वेळा. आपल्याकडे जप बोटांच्या पेरांवर मोजतात, चार बोटांची बारा पेरं, तीन फेऱ्यांत ३६ नेमके बसतात. पण इथे दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे पेरं मोजता येत नाहीत. मनात एक ते नऊ, चार वेळा, हेच सोपं. नेहमीच्या श्वासाने, मिनिटाला बारा धरले तर ३६ श्वासांना तीन मिनिटं लागतात. श्वास संथ होत मिनिटाला सहावर आला तर सहा मिनिटं. मुद्दाम संथ करू नका. जबरदस्तीने लांबवलेल्या श्वासाने डोकं हलकं होतं, हाताला मुंग्या येतात, आणि लोक त्याला ऊर्जा समजतात.

धरल्यावर काय जाणवतं? साधारण दुसऱ्या मिनिटाला ऊब. मग केव्हातरी बोटात ठोका लागतो, कधी बोटाच्या बुडाशी, कधी टोकाला. हा ठोका एकसारखा, शांत झाला की बोट सोडून पुढच्या बोटाकडे जायचं, असा नियम आहे. ठोका लागलाच नाही तर तीन मिनिटांनी पुढे जायचं. ठोका लवकर लागावा म्हणून मूठ आवळणं ही सगळ्यात नेहमीची चूक. आवळल्यावर रक्तवाहिनी दाबली जाऊन ठोका मोठा वाटतो, तो सापडलेला नसतो, आपण केलेला असतो. मूठ किंचित सैल करा. तरीही ठोका राहिला तर खरा, नाहीसा झाला तर दाबाचा. दुसऱ्याचं बोट धरलं असेल तर आपल्याच अंगठ्याचा ठोका त्याचा समजण्याची चूक होते. म्हणून अंगठा टेकवा, पण लक्ष चार बोटांच्या पेरांवर ठेवा.

कोणतं बोट कशासाठी? जिन शिन जुत्सुमध्ये अंगठा काळजीचा, तर्जनी भीतीची, मधलं बोट रागाचं, अनामिका दुःखाची, आणि करंगळी ओढूनताणून करण्याची, म्हणजे आतून नसताना हसतमुख राहण्याच्या धडपडीची. तळहाताचा मध्य खचलेपणाचा. तिथे दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यात टेकवायचा आणि बोटं मळहाताखाली ठेवायची. पण दुसरा एक तक्ताही फिरतो. आघात सोसलेल्या माणसांसोबत काम करणारी कपासितार ही संस्था हीच बोटं धरायला शिकवते, आणि तिच्या पत्रकांत अंगठा दुःखाचा आणि अनामिका चिंतेची आहे. दोन्ही तक्ते एकत्र करून छापलेली चित्रं वाचून लोक गोंधळतात. एक धरा आणि त्याच्यासोबत राहा.

आणखी दोन गोष्टींशी याची गल्लत करू नये. चिनी-जपानी सुयांच्या शास्त्रात, म्हणजे ॲक्युपंक्चरमध्ये, अंगठ्यावरून फुप्फुसाची ऊर्जावाहिनी जाते आणि तर्जनीवरून मोठ्या आतड्याची. जिन शिन जुत्सुत फुप्फुस आणि मोठं आतडं अनामिकेकडे आहेत. दोन्हीकडे जुळते ती फक्त करंगळी: हृदय आणि लहान आतडं. आणि आपल्याकडच्या मुद्रांच्या पुस्तकांत अंगठा अग्नी, तर्जनी वायू, मधलं बोट आकाश, अनामिका पृथ्वी, करंगळी जल. ती मांडणी पूर्ण वेगळी. एकीचं उत्तर दुसरीत शोधू नका.

तर्जनी धरल्याने मूत्रपिंड सुधारतं असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही, आणि तसं कुणाला सांगूही नये. संथ श्वास, ऊब, एका जागी टिकलेलं लक्ष आणि कुणीतरी शांतपणे धरलेला हात, यांनी माणूस शांत होतो, ते मात्र रोज हाताखाली कळतं. बोटांचे तक्ते तरीही उपयोगी आहेत. ‘मला आत्ता नक्की काय होतंय, भीती की राग?’ हा प्रश्न ते विचारायला लावतात, आणि कोणतं बोट धरायचं हे ठरवतानाच माणूस जरा थांबतो. दंतवैद्याच्या खुर्चीत, विमान उडताना, परीक्षेच्या हॉलबाहेर तर्जनी धरता येते आणि शेजारच्याला कळतही नाही.

गणित मात्र करून ठेवा. पाच बोटं आणि तळहात, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे एका हाताला १८ मिनिटं. दोन्ही हात ३६ मिनिटं. एवढा वेळ रोज कुणाला नसतो आणि म्हणूनच लोक चौथ्या दिवशी सोडून देतात. सकाळी एक हात, रात्री दुसरा. तेही जमत नसेल तर त्या दिवसाचं एकच बोट, पण पूर्ण. सहा ठिकाणी अर्धा-अर्धा मिनिट धरण्यापेक्षा एका बोटाची तीन मिनिटं कितीतरी चांगली. पहिलं अर्धं मिनिट तर हात आवळण्यातच जातं.

काही ठिकाणी हात आखडता घ्यायचा. ताजी जखम, मोडलेलं हाड, लाल होऊन सुजलेला सांधा यांवर काही नाही. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या, म्हणजे रक्तवाहिन्या जोडलेल्या हातावर दाब नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसग्रंथी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाबू नका. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांना दोन किलोच्या दाबानेही काळेनिळे डाग पडू शकतात. यांतल्या बऱ्याच जणांचं बोट नुसतं धरता मात्र येतं, आणि दवाखान्यात आजाऱ्याच्या खाटेशेजारी बसलेल्या माणसाला करता येण्यासारखं ते एक मोठं काम आहे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन झोपमोड होत असेल तर मनगटातली नस दबलेली असू शकते. ते तपासून घ्यावं. छातीत दुखून कळ डाव्या हातात उतरत असेल तर बोट धरत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

जपानमध्ये अन्म, मसाज किंवा शिआत्सु धंदा म्हणून करायचं तर १९४७ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, आणि त्यासाठी निदान तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा असते. अंधांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलेला हा व्यवसाय आहे. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध सुईवैद्याने अंधांसाठी शिकण्याची सोय उभी केली आणि त्यांना पोटापाण्याचं साधन मिळालं. त्या परंपरेचा एक धडा डोळस माणसालाही लागू आहे: डोळे मिटून करा. डोळे उघडे असले की आपण समोरच्याचा चेहरा बघत राहतो, बरं वाटतंय का ते शोधत राहतो, आणि हात मागे पडतो.

शेवटचं बोट, बहुधा करंगळी, एकदम सोडू नका. धरलेला माणूस अर्धवट झोपेत असतो; मूठ उघडली की गार हवा लागून तो दचकतो. आधी अंगठा उचला. पुढच्या श्वासाला मूठ सैल करा, पण हात तिथेच राहू द्या. आणखी दोन श्वास थांबून तळवा त्याच्या हाताखालून काढा आणि वर टॉवेल ओढा. मग दुसऱ्या बाजूला जाऊन बसा; तो हात टॉवेलात अजून गरम असतो.